पासवर्ड रंभाबाईचा

बंगळुरू, ६ जानेवारी २०२५

ती. आईस निषादचा शि. सा. न. वि. वि.

बहिरूकाकांचा फोन आला तेव्हा मी मीटिंग सोडून बाहेर आलो. तुझा ईमेल चोरांच्या हाती गेला आणि मला ते काकांकडून कळावं? अनोळखी ईमेलमधली लिंक दाबू नकोस, हे सांगून माझी जीभ झिजली. त्यात तू आलेल्या प्रत्येक जाहिरातीला ‘आपले पत्र मिळाले, आभारी आहे’ असं उत्तर पाठवतेस. अगं, त्यानंच त्यांना कळतं की या पत्त्यावर कुणीतरी राहतं.

भाडेकरूंची आधारकार्डं त्याच ईमेलमध्ये आहेत. काका म्हणतात, वाच्यता नको, खोल्या रिकाम्या होतील. सोबत कुलमुखत्यारपत्र पाठवतो आहे. सही कर. यापुढे खोल्यांचा कारभार काका पाहतील, तू आराम कर. जुईलीचा नमस्कार. रागावलीस तरी चालेल, माया पातळ करू नकोस.

तुझा, निषाद

माण, १३ जानेवारी

चि. निषाद यास आईचे अनेक आशीर्वाद.

आराम कर म्हनतोस. तुझे वडील गेल्यावर ह्याच खोल्या भाड्यानं देऊन तुला इंजिनेर केला, तवा कुनी म्हनलं न्हाई आराम कर.

चूक माझीच. पोलिसांच्या नावानं ईमेल आला, भाडेकरूंची पडताळणी अपुरी हाय, आजच्या आज भरा न्हाईतर खोल्यांना सील. वर शिक्का बी व्हता. पोलिसाचा कागद म्हनलं की आपल्यात मानूस आदी घाबरतं, मग वाचतं. मी त्यातली लिंक दाबून पासवर्ड टाकून मोकळी झाले. आन उत्तरांचं म्हनशील, तर दारात आलेल्याला न्हाई म्हनायचं तरी बोलून म्हनायचं, ही आपली रीत. ती आता मानसांपुरती ठेवलीय.

पन लपवायचं मला जमनार न्हाई. कागदं पोरांची, इश्वासानं दिलेली. रविवारी सगळ्यांना ओट्यावर बसवून झालं ते सांगितलं. माझ्या नावानं काय बी आलं तर आदी माझं दार वाजवा, म्हनलं. बहिरूभावजी मात्र घराण्याची अब्रू घालवली म्हनत मधीच तरातरा निघून गेले. वरच्या खोलीतल्या उत्कर्षानं पासवर्ड बदलून दिला. आता फोनवर आकडा आल्याबिगर खातं उघडत न्हाई. सायबर चोरीचा सरकारी नंबर हाय, १९३०, तितं तक्रार बी दिली.

दोगं खोली सोडून चाललेत. जाऊंदेत. सही मी करनार न्हाई. सूनबाईला, जुईलीला जप.

तुझी आई

बंगळुरू, २० जानेवारी

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

दोघं चालले, उद्या चौघं जातील. मग काय करशील? काका गावातच आहेत, सावध आहेत. हट्ट सोड आणि सही करून पाठव. काळजीपोटी लिहितोय, मनावर घेऊ नकोस.

तुझा, निषाद

माण, २७ जानेवारी

चि. निषाद यास अनेक आशीर्वाद.

चोरांनी जाताना माझ्या ईमेलातले सगळे पत्ते उचलले व्हते; तुझा तेवढा त्यात न्हवता, आपलं पत्रावरच चालतं. परवा त्यांनी माझ्या नावानं सगळ्यांना लिवलं, मी दवाखान्यात हाय, तातडीनं ह्या खात्यात पैसे पाठवा. मी भाकरी थापत व्हते, तर भाडेकरू एकामागं एक दारात. पैशाचं पुढं, आदी मी धडधाकट हाय का ते बघितलं. लई भरून आलं बघ. कुनाचा रुपया गेला न्हाई. खोली सोडनाऱ्यातला एक थांबतो म्हनला.

पैसे गेले ते बहिरूभावजींचे. चार घरं सोडून ऱ्हातात, पन दार वाजवलं न्हाई. वहिनी दवाखान्यात म्हनल्यावर जीव ऱ्हायला न्हाई, लगोलग पाठवले. मायेचा मानूस रे. ओट्यावर शेवटपर्यंत बसले असते तर वाचले असते. मीच १९३० ला फोन लावून दिला. पैसे परत मिळतील का, अजून कळलं न्हाई. त्यांना हसू नकोस, मी बी हसले न्हाई.

कुलमुखत्यारपत्र कोरंच परत पाठवतेय. खोल्या माझ्या, चूक बी माझी, आन निस्तरनारी बी मीच. राग गिळ, माया ऱ्हाऊंदे.

तुझी आई,
रंभाबाई