पणजीचा डावा टाका

तीर्थस्वरूप मोठ्या आत्येस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे बरे असोत, चष्मा सापडलेला असो (आधी डोक्यावर चाचपून बघ, मग शेजारणीवर संशय घे) आणि हे पत्र तू निवांत बसून वाचावंस, कारण ते लांबणार आहे. इकडे सगळे खुशाल. मी जरा कमी, पण ते पुढे येईलच.

झालं असं, की आमच्या गल्लीतल्या टेलर मंडळाने सभागृहाच्या दारावर पाटी लावायचं ठरवलं: गावात पहिला कोट कोणी शिवला, त्याचं नाव. अध्यक्ष (त्यांना सगळे टेपकाका म्हणतात, टेप त्यांच्या गळ्यातून फक्त झोपताना उतरते, आणि त्याचीही मला खात्री नाही) म्हणाले, "तुझ्या पणजोबांचं नाव घालतोय. खूश ना?" मी खूश व्हायला तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच पडलं. "पण काका, कोट पणजी शिवायची." सभेत हशा पिकला. "अरे, बायका फार तर काजं करत असतील. पुरावा आण, नाहीतर रविवारी रंगारी नाव रंगवून मोकळा होईल." तू मला ओळखतेस. मी साधं बटण लावलं तरी ओढून बघतो, पुन्हा ओढून बघतो, मग ते तुटतं. असा माणूस भर सभेत वाद घालून बसला! घरी येऊन दाराची कडी तीनदा ओढून बघितली.

तेव्हा तू आठवलीस. लहानपणी तू डाव्या हातात सुई धरलीस म्हणून सगळे ओरडले आणि एकटी पणजी म्हणाली, "असू दे, माझा हात आलाय तिच्यात." ही गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस की मला कंटाळा यायचा. त्या कंटाळ्याबद्दल आता हात जोडतो. कारण दुकानात मी इस्त्रीवरचा माणूस असलो तरी एवढं मला कळतं: डावखुऱ्याचा हातटाका उलट्या बाजूला कलतो. म्हणजे पणजोबांच्या नावाचं लेबल असलेला जुना कोट शोधायचा, कॉलर उलटवायची आणि बघायचं.

सांगायला सोपं आहे. लोकांच्या दारात उभं राहून "आजोबा, तुमचा कोट जरा आतून बघू?" असं विचारून बघ. एका घरात मी खिसेकापू ठरलो, दुसरीकडे भंगारवाला (तिथल्या बाईंनी फाटक्या चादरींचं बोचकं माझ्या गळ्यात मारलं, ते अजून माझ्याकडेच आहे). शेवटी आमच्या जुन्या हेडमास्तरांकडे गेलो. आठवीतून शाळा सोडलेल्याने तिथे जायचं म्हणजे पाय उचलत नाहीत. "शुद्धलेखन बरं होतं तुझं," ते म्हणाले, "बाकी आनंद होता." कोट त्यांच्या अंगावरच होता, आणि आतला सदरा फाटका असल्याने ते तो काढेनात. मग मी त्यांच्या मानेमागे भिंग धरून उभा राहिलो. तेवढ्यात त्यांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी तो तसाच परत नेला.

पण आत्या, टाका डावा होता! एकूण एक टाका, ओळीने, एकाच बाजूला मान टाकून! आणि हेडमास्तर मानही न वळवता म्हणाले, "हा कोट वडिलांचा. मी लहानपणी त्यांच्याबरोबर मापाला जायचो. पडद्यामागे कोणीतरी सारखं खोकायचं. तुझे पणजोबा खांद्याला टेप लावत, आतून खोकला आला की बोटभर सरकवत. आम्हाला वाटायचं, घरात कोणी आजारी आहे." आजारी कसली! परपुरुषाला हात लावायचा नाही म्हणून पडद्याच्या फटीतून नजरेनेच माप घेणारी, आणि नवरा चुकला की खोकून त्याला दुरुस्त करणारी माझी पणजी होती ती. तिने तो पडदा सोसला म्हणून आपल्या घरात सुई आली आणि आज माझं पोट चालतंय. माझे डोळे भरून आले. "कोटाला पुसू नकोस," हेडमास्तर म्हणाले.

रविवारी ते स्वतः तोच कोट घालून सभेला आले. टेपकाका म्हणाले, "पणजोबाच डावखुरे असतील." "माप उजव्या हाताने लिहायचे. मी समोर उभा होतो. बस खाली." टेपकाकाही त्यांचेच विद्यार्थी, बसले. मग भिंग मागून घेतलं, कॉलर बराच वेळ न्याहाळली आणि हळूच म्हणाले, "असा हात माझ्याच्याने व्हायचा नाही. घाला बाईंचं नाव."

आत्या, हे सगळं तुझ्या त्या एका गोष्टीमुळे झालं. तुझे उपकार कसे फेडू, कळत नाही.

तुझा, अजून थोडा घाबरलेला,
भाचा

ता. क. आतोबांचा पणजीने शिवलेला कोट तू माझ्याकडे ऊन दाखवायला दिला होतास. लोकांच्या दारी जाण्याआधी मी त्याचीच कॉलर उसवून बघितली होती (खात्री म्हणून). परत शिवलीय, पण माझे टाके एकीकडे कलतात आणि पणजीचे दुसरीकडे. कॉलर भांडण झाल्यासारखी दिसते. तुझ्या डाव्या हाताशिवाय इलाज नाही. आतोबांना इतक्यात सांगू नकोस.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. रंगाऱ्याने ब्रश बुडवला आणि विचारलं, "बाईंचं नाव काय?" सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली, आणि मला ते माहीत नव्हतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "आजी." थोरले काका म्हणाले, "आम्ही मोठी आई म्हणायचो." पणजोबा तर, हेडमास्तर सांगतात, पडद्याकडे बघून "ऐकलंस का?" एवढंच म्हणत. रंगाऱ्याने जागा कोरी सोडलीय. तू तिच्या मांडीवर बसून सुई धरायला शिकलीस. तिने एकदा तरी तुला आपलं नाव सांगितलं असेल. लगेच कळव, आणि ठळक अक्षरात, काना-मात्रा बघून लिही. पहिल्यांदाच कुठेतरी लिहिलं जाणार आहे, चुकायला नको.