डोक्यावरचे ठिपके

३ फेब्रुवारी
धाकट्या भावानं, भाऊसोनं, माझ्या जनावरांच्या दवाखान्यात पिंगळा आणलाय, छोटं घुबड. वेताच्या बुट्टीत, आईच्या लुगड्यात गुंडाळून. गावामागच्या दगडखाणीत सुरुंग उडाला आणि हा आईच्या घरामागच्या परड्यात पडला. पंख शाबूत, नुसता सुन्न. वनखात्याला कळवलं. बरा होईपर्यंत तुमच्याच दवाखान्यात ठेवा म्हणाले.

डोक्यावर ठिपके नाहीत! साध्या पिंगळ्याला ते असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. तो सातपुड्याकडचा, शंभरेक वर्षं कुणाला दिसलाच नव्हता. इथे — कोल्हापुरात? माझ्या तोंडून निघून गेलं, रानपिंगळा असू शकतो.

भाऊसो बघतच राहिला. मग म्हणाला, "मग खाण बंद हुईल की, आक्का."

४ फेब्रुवारी
पेपरात आलं. माझ्या नावानिशी. भाऊसोनंच सांगितलंय. खाण बंद करा म्हणून दोन वर्षं गाव अर्ज करतंय, कुणी फिरकलं नाही. आज अधिकाऱ्यांचे फोन. पुढच्या मंगळवारी सुनावणी, पक्षी घेऊन या.

५ फेब्रुवारी
पिंगळ्यानं नाकतोडा खाल्ला. ओल्या कापसानं त्याचं डोकं पुसलं. कापसावर खडीची भुकटी. खाली ठिपके.

मानेवर पांढरा पट्टाही निघाला. बोटांवरची पिसं विरळ, रानपिंगळ्याची दाट असतात. साधा पिंगळा आहे हा. पूर्वी शास्त्रज्ञ दोघांना वेगळ्या गटांत ठेवत, आता एकाच गटात आणलंय. भाऊबंदच. पण एकाच्या नावावर खाण थांबते, दुसऱ्याच्या नाही.

७ फेब्रुवारी
भाऊसोला सांगितलं.  त्यानं एकेक काढलं — बाबांनी बांधलेल्या घराला गेलेल्या भेगा, सुरुंग उडाला की आई अंगणात पळते ते. सगळं खरं.

"सोडून दे त्याला. पक्षीच न्हाय म्हटल्यावर कोण तपासतंय?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

१० फेब्रुवारी
पिंजऱ्याचं दार उघडलं. परत लावलं.

११ फेब्रुवारी
सुनावणीत सांगितलं. सगळ्यांसमोर — माझा अंदाज चुकला, हा साधा पिंगळा आहे. खाणवाल्यांचा वकील हसला. भाऊसो उठून गेला, माझ्याकडे न बघता.

मग आई उभी राहिली. तिला कुणी बोलवलंही नव्हतं.

"पिंगळा साधा हाय. आमीबी साधीच मानसं हाय. म्हणून आमच्या डोक्यावर सुरुंग उडवायचा व्हय?"

 अधिकारी कागद आवरून निघून गेले. संध्याकाळी वनखात्याच्या माणसाबरोबर जाऊन पिंगळा सोडला. झटकन उडाला. घरी येऊन मी जेवले नाही.

१४ फेब्रुवारी
भाऊसोचा फोन. अधिकारी आज आईच्या घरात येऊन गेले. म्हणाले, जी बाई सख्ख्या भावाची बाजू सोडून खरं बोलली, तिच्या आईच्या भिंती आम्हाला बघायच्या होत्या. सुरुंग बंद, चौकशी होईपर्यंत.

 मग भाऊसो म्हणाला, "आई म्हणती, रविवारी जेवायला ये."