दादाच्या सायकलला क्लिपलेस पेडल्स

३ मार्च, रविवार
आज पक्कं ठरलं. दादाच्या आणि माझ्या सायकलला क्लिपलेस पेडल्स बसवायची. बूट पेडलमध्ये खटकन अडकतो, पाय सटकत नाही, ताकद वाया जात नाही. दादा रबरी चपला घालून सायकल चालवतो आणि दर थोड्या वेळाने पाय टेकतो. ओळखीचं कुणी दिसलं, टेकला. संत्रं सोलायचंय, टेकला. कुत्र्याने वळून बघितलं, टेकला. याला सायकलिंग म्हणत नाहीत.

रविवारची ही फेरी मला मोलाची आहे. मी शिकावं म्हणून दादा शाळा सोडून बेकरीच्या गाडीवर लागला. पहाटे दुकानादुकानांत ब्रेड पोचवतो. पण मी पदवीधर झाल्यापासून घरात तो माझ्याशी जपून बोलतो, जशी काही मी पाहुणी आलेय. आमचं खरं बोलणं होतं ते सायकलवरच. म्हणून ही फेरी उत्तम झाली पाहिजे.

५ मार्च
वाचन सुरू. बुटाच्या तळाला क्लीट लागतो, धातूचा छोटा तुकडा. तोच पेडलमध्ये अडकतो. प्रश्न असा की दोन बोल्टचा घ्यायचा की तीन बोल्टचा? तीन बोल्टचा शर्यतवाल्यांचा. तो लावून चालताना माणसाचं बदक होतं. हौसेने फिरणाऱ्यांना दोन बोल्टचा बरा. आईला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, पाय बांधून घेऊन कोण फिरायला जातं गं? मी म्हटलं, टाच बाहेर वळवली की सुटतो. ती म्हणाली, पडताना माणूस देवाला हाक मारेल की टाच वळवेल?

आईला तंत्रज्ञानाची भीती वाटते. तिच्याशी अधिक संयमाने वागायचं.

१० मार्च, रविवार
पुलाजवळ दादाने पाय टेकला. म्हणाला, एक ठरवायचंय, तुझं मत हवं होतं. मला भरून आलं. म्हटलं, घाई नको, अजून दोन कंपन्यांची बघायचीत. तो म्हणाला, पेडलचं नाही गं. म्हटलं, बुटांचं ना? तेही बघते. तो हसला, अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, चल.

बुटांचा विचार त्याने आपणहून केला. बदल होतोय.

१४ मार्च
बेकरीचे मालक घरी येऊन गेले. दुसऱ्या गावात नवी बेकरी काढतायत. तिकडच्या सगळ्या गाड्या दादाने सांभाळाव्यात, महिनाअखेर उत्तर दे, असं म्हणाले म्हणे. आई हे सांगत असतानाच पार्सल आलं, त्यामुळे शेवट नीट ऐकला नाही. दादा जाणार नाही हे उघडच आहे. आईला, मला, आमच्या रविवारला सोडून तो कुठे जाईल? त्यावर वेगळं बोलायची गरज वाटली नाही.

पेडल्स देखणी आहेत, क्लीटचे बूटही सोबत आलेत. एका बाजूला क्लिप, दुसरी बाजू सपाट. नवशिक्यांसाठी हीच योग्य.

१५ मार्च, संध्याकाळ
जुनं डावं पेडल निघता निघेना. हाताला फोड आला. मग वाचलं की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. म्हणजे इतका वेळ मी ते घट्ट करत होते. दादा दारात उभा. म्हणाला, जोर लावू का? म्हटलं, जोर नको, पद्धत हवी. मग जोर त्यानेच लावला. (पद्धत मी सांगितली.)

काम झाल्यावरही तो तिथेच घुटमळत होता. मी तिकडे गेलो तर आईचं सगळं तुझ्यावर येईल, असं काहीतरी म्हणत होता. मी म्हटलं, पाना सरळ धर, रंग उडेल.

१७ मार्च, रविवार
प्रयोगशाळेत मी पाण्याचे नमुने तपासते. तिथला नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तोच इथे लावला. दादाच्या डाव्या पेडलची, बूट धरून ठेवणारी स्प्रिंग घट्ट ठेवली, उजव्याची सैल. त्याला सांगितलं नाही. आधी कळलं की निरीक्षण बिघडतं.

चौकात लाल दिवा लागला. दादा नेमका डावा पाय टेकतो. पाय सुटला नाही. तोडलेल्या झाडासारखा सावकाश, सायकलसकट आडवा झाला. शेजारचा टॅक्सीवाला म्हणाला, काय पैलवान, इथेच झोपणार का? दादा पडल्या पडल्या म्हणाला, बहीण शिकवतेय, उठायचा धडा अजून आला नाही. सगळे हसले. मीही हसले.

त्याचं कोपर बरंच सोलवटलंय. निष्कर्ष: डावी स्प्रिंग सैल करावी.

आई माझ्याशी बोलत नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं भांड्यांना सांगत होती.

२४ मार्च, रविवार
पूर्ण यश! दोन्ही स्प्रिंगा सैल. दादा एकदाही पडला नाही, कारण तो एकदाही थांबला नाही. पाय सोडवण्याच्या धास्तीने आता तो टेकतच नाही. तो पुढे, मी मागे, एक शब्दसुद्धा वाया गेला नाही. पुलाजवळ मागे वळून त्याने काहीतरी विचारलं. मी ओरडले, लय सोडू नकोस! त्याने पुन्हा विचारलं नाही.

घरी आल्यावर गप्प होता. दमला असेल. पुढच्या रविवारपासून अंतर वाढवायचं.

३१ मार्च, रविवार
दादा आला नाही. कोपर दुखतंय म्हणाला आणि केस कापायला गेला. मी एकटीच गेले. फाटकाजवळ पडले. कुणी पाहिलं नाही, त्यामुळे हे मोजायचं कारण नाही.

१ एप्रिल
दादा जातोय. काल मालकांना हो म्हणून आला. आईला माहीत होतं. मला आज ताट वाढताना कळलं.

मला राग याचा आला की त्याने मला विचारलं नाही. मावशीच्या ऑपरेशनपासून नळाच्या तोट्यांपर्यंत सगळं घर मला विचारतं. आणि दादाने विचारलं कुणाला, तर सलूनवाल्याला! तो वस्तरा पुसत म्हणाला म्हणे, जा, इथे किती दिवस दुसऱ्यांच्या दारात ब्रेड टाकशील?

मी आईला म्हटलं, मला विचारलं असतं तर मी नीट अभ्यास करून सांगितलं असतं.
आई म्हणाली, म्हणूनच.

६ एप्रिल, शनिवार
दादा गेला. सायकल बेकरीच्याच गाडीत घालून नेली. क्लिपलेस पेडल्स काढून, पुसून माझ्या टेबलावर ठेवलीत. मी विचारलं, डावं कसं निघालं? तो म्हणाला, उलटं फिरवलं, तूच सांगितलं होतंस ना. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ. मला वाटलं तो काहीतरी म्हणेल. त्याला वाटलं असेल मी म्हणेन.

१४ एप्रिल, रविवार
तिकडे रविवारी सुट्टी नसते. हे मी आधी विचारायला हवं होतं.

आज ठरवून फोन केला. खोली कशी आहे, जेवतोस कुठे, कोपर बरं झालं का, माझ्यावर रागावून गेलास का, सगळं विचारायचं होतं. तो म्हणाला, बोल. मागे ट्रे आपटल्याचे आवाज येत होते. मग मी त्याला सांगितलं की माझे क्लीट जरा मागे सरकवले, त्यामुळे गुडघ्यावर ताण कमी येतो. तो हं, हं म्हणत होता. कुणीतरी गाडी भरली म्हणून हाक मारली. दादा त्याला म्हणाला, थांब रे, बहिणीचा फोन आहे.

त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

मग मीच म्हटलं, तू जा, बाकीचं सविस्तर लिहून पाठवते.