साहेबांचे बेदाणे

शनिवार, ४ ऑक्टोबर २०१४
विमानात, दिल्लीहून शिकागोला जाताना. खाली कुठला देश आहे ते ढगांमुळे कळत नाही.

ती. अलकाताईस,

विश्वासचा शिरसाष्टांग नमस्कार. आजवर हा नमस्कार मी नुसता लिहीत आलो. आत्ता ज्या खुर्चीत बसलोय ती बटण दाबलं की पलंगासारखी आडवी होते, त्यामुळे आज तो खरोखर घालता आला असता. पण शेजारचा गोरा माणूस घाबरेल, म्हणून लिहूनच पाठवतो.

तुझा गुडघा कसा आहे? काल दसऱ्याचं सोनं वाटायला सगळी सांगली पायी फिरली नसशील अशी आशा आहे. तुझी भावजय लतिका मजेत आहे. लेकीचं कॉलेज सुरळीत चालू आहे आणि तिचं मराठी नेहमीसारखंच आहे. परवा मला म्हणाली, "बाबा, आपण आत्याकडे कधी जाऊन राहणार आहोत, बिल्कुल पक्कं सांगा ना." त्यावर मी टीव्हीचा आवाज मोठा केला.

एक विनंती. माझं पत्र आलं की तू आधी शेवटची ओळ बघतेस. तिथे 'तुझा, लवकरच परत येणारा, विश्वास' हे आहे ना याची खात्री करतेस, आणि मग चष्मा पुसून वरून सुरुवात करतेस. तूच मला हे एकदा हसत सांगितलं होतंस. आज तसं करू नकोस. आज वरून खाली ये.

आणि आज शनिवार, म्हणजे तू मारुतीला जाऊन आली असशील. त्या तेलाबद्दल मला बोलायचंच आहे, पण जरा थांब, क्रमाने सांगतो.

मी चाललोय ते एका बैठकीसाठी. आंब्याचा रस डबाबंद करताना किती दाट असावा, यावर निरनिराळ्या देशांची माणसं चार दिवस बोलणार आहेत. तू पातेल्यात बोट बुडवून एका क्षणात सांगितलं असतंस. पण सरकारने त्यासाठी मला आणि आमच्या भटनागर साहेबांना अर्ध्या जगावरून उडवायचं ठरवलं.

होय, तेच भटनागर साहेब. ज्यांचं दगडाचं काळीज विरघळावं आणि विश्वासची पुण्याला बदली व्हावी म्हणून तू दर शनिवारी मारुतीला तेल घालतेस. ज्यांच्यासाठी दर दिवाळीला किलोभर बेदाणे एकेक निवडून, देठ काढून पाठवतेस. पुण्याला आलो की दर रविवारी सांगलीत, आणि रिटायर झालो की कायमचा तुझ्या वरच्या खोलीत, असं आपलं ठरलेलं आहे. आणि मधे उभे आहेत भटनागर साहेब.

आता गंमत ऐक. साहेबांना खरं तर विमानात पुढच्या ऐसपैस वर्गात बसायचा हक्क आहे. पण यंदा उन्हाळ्यात आमच्या खात्यात काटकसरीचं परिपत्रक निघालं, की लहान-मोठ्या सगळ्यांनी मागेच बसायचं. त्यावर सही साहेबांचीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तेव्हा काल आम्ही दोघंही मागची तिकिटं घेऊन विमानतळावर हजर झालो. साहेब माझ्या आधी आत गेले. माझा पास मशीनवर ठेवला तर लाल दिवा लागला. मला वाटलं, संपलं, व्हिसा गेला, पाठोपाठ नोकरी गेली. तर तिथल्या मुलीने माझा पास फाडला, नवा हातात दिला आणि गोड हसून म्हणाली, "सर, पीछे सीटें कम पड़ गई हैं. आपको आगे बिठा रहे हैं."

मी पुढे, साहेब मागे! ताई, सरकारी नोकरीत माणूस मेला तरी एवढा गोंधळ होत नाही.

बसल्या बसल्या मला गरम काजू आणून दिले. ते तसेच ठेवले. शेवटी पडदा सारून मागे गेलो. साहेब मधल्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसले होते. एका बाजूला एक पंजाबी आजीबाई, दुसऱ्या बाजूला पायांत पाय अडकवून झोपलेला एक पोरगा.

"अरे विश्वास, तुम कहाँ बैठे हो?"

"सर, आगे."

"आगे मतलब?"

"सर... पर्दे के आगे."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच विमान चोरलंय. मी म्हटलं, "सर, आप वहाँ आ जाइए, मैं यहाँ बैठता हूँ." तर म्हणाले, "पागल हो? सर्कुलर मैंने साइन किया है. किसी ने फोटो खींच ली तो?" आणि पुढे, आवाज खाली आणून, "वैसे, वहाँ खाने में क्या है?"

मग माझी ये-जा सुरू झाली. काजू कोटाच्या खिशातून नेले. उशी नेली. मऊ सपाता नेल्या. तिसऱ्या खेपेला मी पनीरची ताटली रुमालाखाली झाकून चाललो होतो, तेव्हा एअर होस्टेसने अडवलं. मी खरं तेच सांगितलं, "पीछे मेरे साहब हैं." ती दिल्लीचीच असावी. तिला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

निम्मा प्रवास झाला तेव्हा साहेबांची कंबर परिपत्रकावर भारी पडली. सगळ्यांनी खिडक्या लावल्या, दिवे मंद झाले, तसे साहेब डोक्यावरून ब्लँकेट ओढून, नव्या नवरीसारखे खाली मान घालून पडद्याच्या पुढे आले आणि माझ्या खुर्चीत आडवे झाले. त्या मुलीने पाहिलं आणि सरळ दुसरीकडे बघायला लागली.

मी साहेबांच्या जागी जाऊन बसलो. पंजाबी आजींनी लगेच डबा उघडून मठरी पुढे केली आणि विचारलं, "पुत्तर, तेरा घर कित्थे है?"

मी म्हणालो, "मयूर विहार."

ताई, मठरी हातातच राहिली. इतकी वर्षं दिल्लीत कोणी घर विचारलं की मी 'सांगली' म्हणतो. मयूर विहार म्हणजे फ्लॅट, क्वार्टरसारखा, आज आहे उद्या नाही. हे उत्तर कधी बदललं, मला माहीतच नाही. आजी म्हणाल्या, "चंगा है, मेट्रो भी है उत्थे," आणि झोपी गेल्या. मी मात्र उरलेला वेळ टक्क जागा होतो.

साहेब पोटभर झोपून, भांग पाडून परत आले. पडद्यापाशी मला उभं करून म्हणाले, "विश्वास, आज तुमने जो किया, मेरे सगे भाई ने नहीं किया. और एक बात. कितने साल से तुम्हारी दीदी की किशमिश खा रहा हूँ. कभी कुछ माँगा नहीं उन्होंने. इस शहर में बिना मतलब कोई पानी नहीं पूछता. पुणे की पोस्ट दिसंबर में ख़ाली हो रही है. तुम्हारा घर उधर ही है न? हाँ बोलो, लौटते ही साइन कर देता हूँ."

तुझा मारुती पावला, ताई. आणि माझ्या पायांखालची जमीन, म्हणजे जे काही विमानात असतं ते, सरकलं.

आता तेलाचं. ते पुरे कर. साहेबांचं काळीज दगडाचं कधीच नव्हतं. मी त्यांच्याकडे बदली मागितलीच नाही. त्यांच्या आधीच्या साहेबांकडेही नाही. अगदी पहिल्यांदा दिल्लीत आलो त्या वर्षी मात्र खरोखर मागितली होती, रडकुंडीला येऊन, आणि तेव्हा नकार मिळाला होता. पुढच्या वर्षी तू विचारलंस, मी म्हणालो, 'साहेब सोडत नाहीत.' पुढे साहेब बदलत गेले, वाक्य तेच राहिलं. मधले एक साहेब जिन्यावरून पडले, तेव्हा तू म्हणालीस, 'देव बघतो हं.' मी त्या बिचाऱ्यांना भेटायला संत्री घेऊन गेलो होतो. ही माहिती तुला दिली नव्हती.

बेदाणे दर वर्षी पोचवले, ते मात्र खरं. नुसतं 'दीदी ने भेजे हैं' म्हणायचो. साहेबांच्या मिसेस ते खिरीत घालतात.

मला दिल्ली आवडते, ताई. लिहिलं एकदाचं. थंडीत गच्चीवर उन्हात बसून मुळा आणि संत्री खायला आवडतं. करोल बागेत लतिका साडीवाल्याशी हुज्जत घालते तेव्हा बाजूला उभं राहायला आवडतं. कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्राच्या गेस्ट हाऊसमधला साबुदाणा वडा खाऊन 'आपल्याकडची चव नाही' म्हणायला आवडतं, आणि तो पुढच्या रविवारी परत खायलाही आवडतो. सांगलीला उतरलो की स्टँडपासून घरापर्यंत सगळे प्रेमाने विचारतात, 'कधी आलास? कधी जाणार?' मयूर विहारात हे मला कोणी विचारत नाही.

हे फोनवर सांगायला गेलो की तू 'जेवलास का' विचारतेस आणि राहून जातं. लतिका गेली कित्येक वर्षं म्हणतेय की ताईंना सांगा. मला भीती वाटत होती. तू वरच्या खोलीला दर पाडव्याला रंग देतेस. ते शाळामास्तर जोडपं भाड्याने मागत होतं, त्यांना नाही म्हणालीस. दिल्लीला ये म्हटलं की म्हणतेस, 'तूच येणार आहेस, मग मी कशाला हेलपाटा घालू?' तू माझी वाट बघतेस, हे मला इतकं आवडायचं की ती वाट मी कधी संपू दिली नाही. तुझं त्यात काय काय राहून गेलं, हे मी विचारलंही नाही. रागाव. मला चालेल. फक्त अबोला धरू नकोस, तो मला सोसत नाही.

साहेबांना मी म्हणालो, "सर, पोस्टिंग नहीं चाहिए."

साहेब म्हणाले, "तो फिर किशमिश?"

मग त्यांना सगळं सांगितलं, मारुतीसकट. मला वाटलं, आता माझी बदली होणार, पण अंदमानला. साहेबांनी विचारलं, "मतलब हर शनिवार, मेरे नाम का तेल?" आणि एवढ्या मोठ्याने हसले की पुढचे आणि मागचे, दोन्ही वर्ग जागे झाले. हसून झाल्यावर म्हणाले, "चलो, कुछ तो माँगो. दीदी का तेल बेकार नहीं जाना चाहिए."

मी रजा मागितली. दर वर्षी चार दिवस येऊन पळतो, 'साहेब सोडत नाहीत' म्हणून. यंदा दिवाळीला पंधरा दिवस येतोय, तिघंही. साहेबांनी कागदी रुमालावर 'मंज़ूर' लिहून सही करून दिली. तो रुमाल मी जपून ठेवलाय. ह्या माणसाची सही मिळायची नाही, हे आपण न मागताच गृहीत धरलं होतं.

दिवाळी झाली की तू आमच्याबरोबर चल. थंडीभर राहा, नाही आवडलं तर परत सोडायला मी येईन. खोली त्या मास्तरांना दे. चांगली माणसं आहेत, खाली तुला सोबत होईल. बेदाणे आण, साहेबांनी मुद्दाम सांगितलंय की आता बिनधास्त खाता येतील. मात्र त्यांना ते तू स्वतःच्या हाताने दे. त्यांना तुला बघायचंय.

खुर्च्या सरळ करायला सांगतायत. विमान उतरतंय. पत्र तिकडूनच टाकीन, म्हणजे तुला परदेशी तिकीट मिळेल.

आता शेवटची ओळ वाच, ताई.

तुझा,
दिल्लीत राहणारा,
विश्वास