करवत माशीच्या खोलीसह घराची व्यवस्था

मी, पुष्पाबाई तेजराम कापगते, वय ६९, राहणार साकोली, जिल्हा भंडारा, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीस घातलेले नसताना हे मृत्युपत्र लिहिते. याआधी काही लिहिलेले नाही. शोधत बसू नये.

१. राहते घर माझ्या नावे आहे. त्यात पती तेजराम यांनी हयातभर राहावे, नंतर ते मुलगा वीरेंद्र यास मिळावे. मागच्या खोलीत पती कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून बरण्यांत करवत माश्या वाढवतात. ती खोली त्यांच्या हयातीत भाड्याने देऊ नये.

२. बांगड्या सून अंजू हिला. नणंद धुरपता हिला काही नाही. लग्नात माझ्या रंगावरून ती जे बोलली, ते मला पाठ आहे.

३. मोहरीवरची काळी अळी फुलपाखराची की करवत माशीची, हे पोटाखालचे पाय मोजून कळते. फुलपाखराच्या अळीला त्यांच्या फार तर पाच जोड्या, हिला आठ. ओळख चुकली तर शेतकरी भलतेच औषध फवारतो आणि ही पाने खातच राहते. हात लागताच ती गुंडाळी करून मेल्यासारखी पडते, म्हणून धीर धरावा लागतो. पतींची नजर गेल्यापासून हे पाय मी मोजते. तरी त्यांनी या अळीवरच्या लेखात आभार मानले ते त्यांची विद्यार्थिनी प्रतिक्षा हिचे. ती आली की म्हणतात, "च्या मांड वो. प्रतिक्षाले मस्त नजर हाय." मग मी इतके दिवस काय डोळे मिटून मोजत होते? मला तिचा हेवा वाटतो, आणि तो लिहायला लाज वाटत नाही.

४. सबब माझ्या पश्चात प्रतिक्षाने या घरात पाऊल ठेवू नये.

५. कलम चार रद्द. ते लिहून झाल्यावर, परवा मी तापाने पडून होते. पती खिडकीशी बसून विचारत होते, "कोठी गेली वो अळी?" ती त्यांच्याच मनगटावर होती. वीरेंद्रला अळीत आणि सुतळीत फरक कळत नाही. म्हणून माझे मोजणीचे भिंग प्रतिक्षाला द्यावे. तिने येत जावे, पाय मोजून मोठ्याने सांगावेत. चहा तिनेच मांडावा. माझ्या खुर्चीवर बसू नये.

६. पतींना हे वाचता येणार नाही. ते प्रतिक्षाने त्यांच्यासमोर बसून वाचून दाखवावे. कलम तीन गाळू नये.

सही: पुष्पाबाई तेजराम कापगते
साक्षीदार: १. डॉ. राजकुमार लंजे २. सुखराम मेश्राम, शेजारी
साकोली, १४ डिसेंबर २०२४