वसुलीवालीला दिलेला हिरवा खण

मंगळवार, संध्याकाळ

काल माझं क्रेडिट कार्ड बंद पडलं, तेही साड्यांच्या दुकानात विहीणबाईंसमोर, म्हणून हे लिहिते आहे. पैसे त्यांनीच भरले. वर मला हिरवा खण दिला!

चूक माझीच. बँकेच्या नावाने येणारा प्रत्येक फोन चोराचा, असं अख्ख्या कॉलनीला मीच बजावलेलं. कार्डावर घेतलेल्या फ्रिजचे हप्ते थकलेत, असे तीन महिने फोन आले. तीन महिने मी झापलं. बिल उघडून बघायला काय झालं होतं मला?

आज वसुलीची बाई दारातच उभी. कुंभारी गावची, माझ्या सुनेच्या वयाची.

"काकू, तुमीच मला पोलिसात देते म्हणला होता की!"

ओळखपत्र तपासलं. समोरच्या बाई गॅलरीत आलेल्या. त्यांना कळलं तर संपलंच.

"जरा हळू बोल."

"मी हळूच बोलते ओ काकू. तुमीच वरडताय."

घरात घेतलं, चेक लिहिला. ती निघाली. पण सवाष्ण बाई दारातून तशीच कशी जाणार? आणि घरात खण तो एकच. विहीणबाईंनी विचारलं तर?

दिलं ते असं: पूर्ण थकबाकीचा चेक, हळदीकुंकू, हिरवा खण. पावती फक्त चेकची मिळाली.