पदराखालचा भाव

बाबा, सगळ्यात आधी कोण आलं सांगू? पाहुणे नाही, शेजारची भाभी. पलीकडं मोटारसायकली दुरुस्त करते ना मिस्त्री, त्याची बायको. बुधवार होता, आणि बुधवारी दुपारी टीव्हीवर तो किमतीचा खेळ असते. एकेक वस्तू आणून ठेवतात, तिची किंमत सांगायची. जो जवळ जाईल त्याले वस्तू फुकट, जास्त बोलला तो बाद. भाभी आपली खुर्ची घेऊनच येते. म्हटलं, "आज नातीले पाहाले उमरखेडचे पाहुणे येऊन राह्यले." तर म्हणते, "तो क्या हुआ अम्मा, उनको भी दिखाओ!"

पाहुणे दोघंच, पोराची आई आणि मामा. मामाचं कपड्याचं दुकान, पोरगा बी तिथंच काम करते, आणि त्याईले गल्ल्यावर बसणारी, भावाची जाण असलेली पोरगी पाहिजे. आमच्या नातीनं तर पोराचा फोटो उशीखाली ठेवला होता. म्हणून म्हटलं, राहू द्या टीव्ही चालू, दिसू द्या त्याईले आमची पोरगी. तिले जवळ बसवली आणि तिचा हात हळूच माह्या पदराखाली घेतला.

तुमाले कळलंच असन. दारव्ह्याच्या बैलबाजारात तुम्ही दलाल. घेणाऱ्याचा हात रुमालाखाली धरायचा आणि बोटं दाबून भाव ठरवायचा, तोंडातून एक शब्द नाही, बाजूच्याले पत्ता लागत नसे. घरी माय भाकरी थापून राह्यली, तुम्ही चुलीपाशी बसून माही बोटं दाबता, "सांग, किती?" मी बरोबर सांगते, तुम्ही हसता. अन् एका बाजारी मी लोकाईसमोर रुमालाखाली हात घातला, तर तुम्ही तो झटकून टाकला. "पोरीच्या जातीनं सौद्यात हात घालायचा नाही!" मंग शिकवलं कायले, बाबा? पुढं तुम्ही दादाले नेत होता बाजारात. त्याले तर पाच आणि सहातला फरक कळत नव्हता. मी म्हातारी झाली, पण तो राग अजून गेला नाही.

नातीले मात्र मी तिच्या लहानपणीच हे बोटांचं शिकवून ठेवलं. तर खेळ. कुकर आला, मी दाबलं, नातीनं सांगितलं, बरोबर. इस्त्री आली, बरोबर. मामा सरसावून बसले. भाभी टाळ्या वाजवून राह्यली. मले तर असा आनंद, का दुसऱ्यांदा ठेवलेला चहा उतू गेला तरी उठली नाही. मंग आली चादर, शुद्ध सुती, दोन उश्यांच्या खोळी सोबत. मी मनात हिशोब केला. कापूस किलोभर, सूत, विणकर, रंगारी, सगळ्याईचं धरलं आणि दोन बोटं दाबली. नातीनं माह्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "दोनशे."

टीव्हीवर आकडा आला, अकराशे.

मामा असे हसले, असे हसले! "हिले गल्ल्यावर बसवली तर आठ दिवसांत शटर पाडा लागन." नातीची मान खाली. माह्या मस्तकात तिडीक गेली.

"मामासाहेब, या चादरीत कापूस किती, सांगा बरं?"

"कापूस कोण पाहते आजी? गिऱ्हाईक डिझाईन पाहते."

"काहून नाही पाहत? वेचताना आमच्या बोटाले चिरा पडतात. तो कापूस सरकी काढाले जिनवर नेला तर भाव दुसराच कोणी सांगते. त्याचीच चादर झाली, तरी भाव दुसराच कोणी सांगते. आमी काय नुसतं टीव्हीसमोर बसून ओळखत राहायचं?"

तेवढ्यात नात हळूच म्हणाली, "आजी, मले हजार वाटत होते. पण तू दोनच बोटं दाबली."

भाभीनं तोंडावर हात ठेवला. "या अल्ला! अम्मा चोरी कर रही थी!"

मले वाटलं, संपलं. पोरीचं लग्न मीच मोडलं. तर इतका वेळ नुसती बशीतला चहा पिणारी पोराची आई पुढं सरकली. "दाखवा बरं तुमचा हात," म्हणते. "माहा बाप आमच्या बाजारात हेच करत होता. मले नाही शिकवलं. मी खांबाआडून पाहून शिकली." आणि मामाकडं वळून, "पोरीले हजार कळत होते दादा, तरी आजीचा मान ठेवला तिनं."

"विचार करून कळवू," मामा चपला घालता घालता बोलले, तोंड फिरवून.

पण ती बाई दारात थांबली. माह्या पदराखाली हात घातला अन् चार बोटं दाबली. मी तो हात झटकला नाही, बाबा.

हे पत्र टाकू कुठं? तुमचा पत्ता कोणाजवळ आहे? डाळीच्या डब्याखाली ठेवून देते. एक मात्र कबूल करते. तुमचा चेहरा आता नीट आठवत नाही मले, बोटं तेवढी आठवतात. अन् त्या बाईची चार बोटं म्हणजे भाव नाही, दिवस. बुधवारपासून चौथा दिवस म्हणजे रविवार. रविवारी येतात ते.